गरम झाल्यावर मिसिंग मारणारी जुनी बुलेट: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. १९८६ची बुलेट ३५०, १२ व्होल्ट, पॉइंटवाली (म्हणजे उघड-मीट करून कॉइलचा करंट तोडणारे दोन संपर्क असलेलं जुनं इग्निशन). दोन वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोअर केलेली, फ्रेमला पावडर कोटिंग. रोज मुलुंड ते लालबाग. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते, हायवेवर घाटकोपरपर्यंत तक्रार नाही. सायनच्या ट्रॅफिकमध्ये शिरली की झटके द्यायला लागते, सायलेन्सरमधून अधूनमधून फटाका, कधी सिग्नलला बंदच पडते. पावसातही एक-दोनदा असंच झालं. पंधरा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा जणू काही झालंच नाही. प्लग, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), कंडेन्सर, कार्बोरेटरचं किट सगळं बदलून झालं, आता मेकॅनिक म्हणतोय इंजिन खोलू. आणि शेवटी तुमचा प्रश्न: इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर ही कटकट कायमची जाईल का?

आधी महत्त्वाचं: इंजिन खोलू देऊ नका. घासलेली रिंग किंवा ढिला पिस्टन पंधरा मिनिटं सावलीत उभा राहून बरा होत नाही. जे गरम झाल्यावर बिघडतं आणि गार झाल्यावर सुधारतं, ते जवळजवळ नेहमी करंटमध्ये, पेट्रोलच्या वाटेत किंवा फार तर टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेत) असतं. यातलं काहीही तपासायला हेड उतरवावं लागत नाही.

अडचण अशी आहे की तुमच्या गाडीचा बिघाड गॅरेजच्या दारात कधीच हजर नसतो. तुम्ही संध्याकाळी गाडी नेऊन लावता, मेकॅनिक सकाळी गार इंजिनावर किक मारतो, ठिणगी बघतो, ‘करंट मस्त आहे’ म्हणतो आणि अंदाजाने काहीतरी बदलतो. मेकॅनिकला फार दोष देत नाही. या शहरात पूर्वी प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तेव्हा नाक्यानाक्यावर पॉइंट घासून गॅप लावणारा माणूस सापडायचा. ऑक्टोबर २०२३मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पॉइंटवरचा हात त्याच्या कितीतरी आधीच गेला होता. आजचा पोरगा सीडीआय (बिनपॉइंटचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आणि फ्युएल इंजेक्शनवर शिकलेला असतो. तेव्हा तपासणी तुम्हालाच करावी लागेल, आणि ती गाडी झटके देत असताना, रस्त्याच्या कडेला.

त्यासाठी फार सामान लागत नाही. प्लग पाना, खात्रीचा जुना चालू प्लग (नवा नको, कारण सांगतो), फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), छोटा स्क्रू ड्रायव्हर, दोन वायरी आणि मगर-क्लिप लावलेला इंडिकेटरचा लहान बल्ब, मीटरभर जाड वायर मध्ये फ्यूज टाकलेली, एक जादा कंडेन्सर आणि साधा मल्टिमीटर. मीटर, क्लिपा लॅमिंग्टन रोडला मिळतील, फिलर गेज नागदेवीला. हे सगळं टूलबॉक्समध्ये ठेवा आणि नेहमीसारखं ऑफिसला निघा.

आता सायनला गाडीने पहिला झटका दिला की कान द्या. करंट तुटतो तेव्हा झटका तुटक असतो: आहे, नाही, आहे. कोणीतरी चावी बंद-चालू करतंय असं वाटतं. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी दमते, ॲक्सिलरेटर उघडलं तरी पुढे रेटत नाही, मग कार्बोरेटरमधून ‘फच्’ असा उलटा श्वास टाकते. तुमच्याकडे फटाका सायलेन्सरमधून येतो. म्हणजे पेट्रोल सिलिंडरमध्ये पोचतंय, तिथे जळत नाहीये, आणि पुढच्या गरम वायूबरोबर सायलेन्सरमध्ये पेटतंय. एवढ्यावरून माझा कल करंटकडे आहे. पण फार पातळ मिश्रणही असंच हुकून सायलेन्सरमध्ये फुटू शकतं, म्हणून नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका.

निकाल प्लग देतो. झटके चालू असतानाच क्लच दाबा, चावी बंद करा आणि गाडी कडेला घ्या. ॲक्सिलरेटर सोडून, स्लोवर चालवत कडेला आणली तर प्लगवरचा पुरावा पुसला जातो. फ्लायओव्हरवर हे करू नका. सर्व्हिस रोड किंवा पंपाचं आवार बघा. हाताला फडकं गुंडाळून गरम प्लग काढा. टोक पेट्रोलने ओलं, वास येतोय: इंधन येतंय, ठिणगी नाही. टोक कोरडं ठणठणीत: ठिणगी वाट बघतेय, इंधन नाही. कोरडं आणि काळं काजळी धरलेलं असेल तर मिश्रण जाड आहे आणि काजळीतून करंट खाली उतरतोय. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मी गाडी संशयितांच्या यादीतून बाहेर काढतं.

प्लग कोरडा निघाला तर पहिला हात टाकीच्या झाकणाला. झाकणात हवा आत जायला बारीक भोक असतं. रिस्टोअर करताना क्रोमवाल्याने किंवा पेंटरने ते बुजवलं की पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी प्रवाह मंदावतो. उभी ठेवली की हवा हळूहळू आत शिरते, गाडी पुन्हा ठीक. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखं, म्हणून हे विसरू नका. झाकण उघडताना ‘स्स’ आवाज आला किंवा झाकण ढिलं ठेवून सायन पार झालं, तर दहा रुपयांची सुई घेऊन भोक मोकळं करा आणि सुटा. झाकण ढिलं असेल तेव्हा टाकी गळ्यापर्यंत भरलेली नको, एवढं सांभाळा.

मग कॉकची जाळी, टाकीतला गंज, आणि पेट्रोलची नळी. नळी सिलिंडरला चिकटून जात असेल तर थांबलेल्या गाडीत उष्णता वर चढते आणि नळीत बुडबुडे धरतात. पारदर्शक नळी लावून बघा, दिसतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याची कमतरता नाही. आठ-पंधरा दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोट चेंबरच्या (कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) तळाशी पाण्याचा थेंब सापडणं नवल नाही. जुन्या नळ्या, रबरी वॉशरही त्यात फुगतात. फ्लोट चेंबर काढून वाटीत ओता, उजेडात धरा. थेंब गोळा होऊन तळाशी फिरताना दिसला की पाणी.

कार्बोरेटरचं किट बदलून झालंय, तेव्हा जेट पुन्हा खोलण्याआधी झटका नेमका कुठे येतो ते नोंदवा. ॲक्सिलरेटरच्या ग्रिपवर आणि बाजूच्या बॉडीवर खडूच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धा, पाऊण. पहिल्या पावापर्यंत पायलट जेट आणि स्लाइडचा कट, पाव ते पाऊण सुई, त्यापुढे मेन जेट. झटका फक्त एकाच पट्ट्यात येत असेल तर कार्बोरेटर बघा. कुठेही, कधीही येत असेल तर कार्बोरेटरला सोडून द्या. त्या बिचाऱ्याला उगाच खोलून लोकांनी अर्ध्या गाड्यांचे स्क्रू चपटे केलेत. शिवाय कार्बोरेटर आणि हेड यांच्यातल्या गॅस्केटमधून हवा ओढतेय का ते बघा: इंजिन स्लोवर असताना जोडावर कार्बोरेटर क्लीनरचा बारीक फवारा मारा, इंजिनाचा सूर बदलला तर तिथे गळती आहे. फवारा ज्वालाग्राही असतो, गरम सायलेन्सर पाइपपासून लांब.

आता ओल्या प्लगकडे, कारण मला तुमचा प्लग ओला निघेल असं वाटतं.

सगळेजण करतात ती पहिली परीक्षा म्हणजे प्लग हेडला टेकवून किक मारणे आणि निळी ठिणगी दिसली की खूश होणे. ही परीक्षा अपुरी आहे. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तेवढ्याच गॅपवर उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून वायरचं टोक हेडपासून सहा-सात मिलिमीटर लांब धरून बघा, हातात नाही, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्यात. तेवढं अंतर निळ्या, टणक ठिणगीने पार झालं तर कॉइल-कंडेन्सर जोडी कामाची. प्लगचं भोक उघडं ठेवून, जवळ पेट्रोलची वाफ असताना हे करू नका. दुसरा प्लग भोकात बसवून ठेवा. आणि ही परीक्षा गार इंजिनावर केली तर काही उपयोग नाही. सायनलाच.

बुलेटमध्ये आणखी एक सोय आहे, जिचा उपयोग हल्ली फार कोणी करत नाही: अँपिअर मीटर. इंजिन बंद, चावी चालू, किक हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट मिटले की काटा उणे बाजूला तीन-चार अँपिअर पडतो, उघडले की शून्यावर येतो. का तीन-चार? चांगल्या १२ व्होल्ट कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट वाहणारी आतली गुंडाळी) साधारण तीन ते चार ओहमची असते. बाराला साडेतीनने भागा. आता पॉइंट मिटलेले ठेवून, काटा उणेवर असताना हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा, चावी हलवा, हेडलाइटच्या मागची वायरिंग हाताने चाळवा, अँपिअर मीटरवरच बोटाने टकटक करा. काटा नाचला की चोर तिथेच. बुलेटचा बहुतेक सगळा करंट या मीटरमधून आणि चावीतून जातो, आणि त्या दोन्हींच्या थिंबल (वायरीच्या टोकाला लावलेल्या धातूच्या जोडण्या) समुद्राच्या हवेत हिरव्या पडतात. हँडलच्या मानेत रोज वाकणारी वायर आवरणाच्या आतून तुटलेली असते, वरून अगदी धडधाकट. पॉइंट मिटलेले असताना चावी मिनिटभरापेक्षा जास्त चालू ठेवू नका, कॉइल तापते.

काटा शून्यावर पडतच नसेल तर पॉइंटच्या डब्यात कुठेतरी शॉर्ट आहे. उणेवर जातच नसेल तर कुठेतरी वाट तुटली आहे किंवा पॉइंटवर तेलाचा पापुद्रा आहे.

आता कॉइल. तुम्ही ती नवी टाकलीत, म्हणूनच मला तिच्यावर संशय आहे. मल्टिमीटरने प्रायमरी मोजा. तीन-चार ओहम असेल तर ठीक. दीडेक ओहम दाखवली तर ती ६ व्होल्टची किंवा बाहेर वेगळा रेझिस्टर लागणारी कॉइल आहे. बारा व्होल्टवर ती आठ अँपिअर ओढते, वीसेक मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापते, आणि पॉइंटही जाळते. दुकानात ‘बुलेटची कॉइल’ मागितली की जी हाताशी लागेल ती मिळते, आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. गार आणि गरम, दोन्ही वेळा मोजा. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणून गार असताना साडेतीन आणि चांगली तापल्यावर चारच्या थोडं वर दिसलं तर घाबरू नका. आकडा उड्या मारत असेल किंवा गरम झाल्यावर मीटर काहीच दाखवत नसेल, तर आत तार तुटली आहे. गार झाली की टोकं पुन्हा टेकतात. सेकंडरी (प्लगकडे जाणारी दुसरी गुंडाळी) काही हजार ओहममध्ये असते, तिचीही तीच तऱ्हा.

कंडेन्सरवर जास्त वेळ घालवा. पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट झटक्यात तुटायला हवा, तरच कॉइलमध्ये उच्च व्होल्टेज उभं राहतं. कंडेन्सर नसला तर करंट पॉइंटमध्येच ठिणगी होऊन सांडतो, प्लगला काही उरत नाही. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा हा नळकांडा सिलिंडरच्या मागे, गरम इंजिनाला लागून असलेल्या पॉइंटच्या डब्यात बसलेला असतो. आतली गुंडाळी आणि टोपीची जोडणी गरम झाल्यावर सुटते आणि गार झाल्यावर परत जुळते. आणि हल्ली बाजारात पाकिटात मिळणारे कंडेन्सर नवे असताना खराब निघतात, हे मी वारंवार पाहिलंय. ‘नवा’ हा शब्द या पार्टच्या बाबतीत कसलीच हमी देत नाही. खात्रीचा चालू प्लग बरोबर ठेवा म्हटलं ते याच कारणाने; नक्कल प्लगांचाही सुळसुळाट आहे.

परीक्षा सोपी. झटके चालू झाले की पॉइंटचं झाकण काढा, इंजिन स्लोवर चालू असताना सावलीत आत बघा. बारीक निळसर ठिणगी चालेल. पिवळी, मोठी, फरफरणारी ठिणगी म्हणजे कंडेन्सर गेला. मग जादा कंडेन्सरची वायर कॉइलच्या पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला लावा आणि त्याची बॉडी फ्रेमच्या उघड्या धातूला घट्ट बांधा. पिवळी ठिणगी गेली आणि गाडी सरळ झाली तर उत्तर मिळालं. जुना कंडेन्सर आतून शॉर्ट झाला असेल तर मात्र नवा जोडून फरक पडणार नाही, आधी जुना सोडवावा लागेल. माझं मत विचाराल तर कंडेन्सर कायमचाच बाहेर, कॉइलशेजारी, इंजिनाच्या उष्णतेपासून लांब बसवा. विजेला त्याने काही फरक पडत नाही आणि त्याचं आयुष्य वाढतं. पद्मिनीचा जुना चांगला कंडेन्सर कुणाकडे पडून असेल तर तोही चालतो. चोरबाजारात विचारायला हरकत नाही, मीटरवर तपासून घ्या.

झाकण उघडलंच आहे तर पॉइंटही बघून घ्या. गॅप पूर्ण उघडल्यावर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा असे झाले असतील तर तेही कंडेन्सरकडेच बोट दाखवतात. नव्या पॉइंटवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतो. पेट्रोलात भिजवलेला जाड कागद मधून ओढा, मग कोरडा. पॉलिश पेपर वापरलात तर त्याचे कण मागे राहतात. कॅमला (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याला) ग्रीसचा अगदी पुसट हात, नाहीतर फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जाते आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. हलत्या पॉइंटला जाणारी छोटी वायर आणि तिथले फायबरचे वॉशर क्रमाने आहेत ना, वायर डब्याच्या कडेला घासत नाही ना, हे आरशाने बघा. एक परीक्षा हमखास राहून जाते: कॅमची दांडी बोटांनी आडवी हलवा. गॅप त्याबरोबर कमी-जास्त झाली तर बुश झिजलाय, आणि प्रत्येक ठिणगी वेगवेगळ्या वेळी पडतेय. तशा गाडीत तुम्ही कितीही नीट गॅप लावा, ती टिकणार नाही. ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणाऱ्या) वजनांच्या स्प्रिंगाही बघा. एक तुटलेली असते तेव्हा स्लो कधी नीट लागतो, कधी अजिबात नाही.

टायमिंग पुन्हा लावायचं झालं तर आपला मगर-क्लिपचा बल्ब कॉइलचं पॉइंटकडचं टोक आणि अर्थ यांच्यात लावा. पॉइंट मिटलेले तोवर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, पिस्टन वर पोचायला साधारण ०.८ मिलिमीटर बाकी असताना बल्ब पेटला पाहिजे. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाने लावणारे उस्ताद होते, पण बल्ब खोटं बोलत नाही.

आता पावडर कोटिंगबद्दल, कारण रिस्टोअर केलेल्या गाड्यांतला हा मोठा गुन्हेगार आहे. फ्रेम हीच तुमची अर्थची वायर. पावडर कोटिंग हे उत्तम इन्सुलेशन. बॅटरीची अर्थ, कॉइलचा क्लॅम्प, इंजिनाचे बोल्ट, सगळं रंगावर घट्ट केलेलं असतं. धातू धातूला फक्त बोल्टच्या आट्यांतून भेटतो. नवी असताना गाडी चालते, दोन पावसाळ्यांत आट्या गंजतात. तुमची रिस्टोअर होऊन बरोबर दोन वर्षं झाली आहेत. बॅटरीच्या अर्थपासून थेट इंजिनाच्या बोल्टपर्यंत एक जाड वायर टाका, थिंबलखालचा रंग खरवडून, वरून ग्रीस लावून. हे तपासणीत काही निघो न निघो, करूनच टाका.

पुरवठ्याची बाजू मोजायची तर पॉइंट मिटलेले ठेवा, चावी चालू, मल्टिमीटर व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं कॉइलच्या धन टोकाला. अर्धा व्होल्टपर्यंत चालेल. दोन व्होल्ट दिसले तर ते दोन व्होल्ट चावी, अँपिअर मीटर आणि जोडांत उष्णता होऊन वाया जातायत. ठिणगीची ऊर्जा करंटच्या वर्गावर चालते, म्हणजे बाराचे दहा झाले की जवळजवळ एकतृतीयांश ठिणगी गेली. ‘लाइट तर चांगली आहे’ हा पुरावा धरू नका.

आणि जिथे वेळ नाही तिथे थेट इलाज: फ्यूजची वायर बॅटरीच्या धन टोकापासून सरळ कॉइलच्या धन टोकाला. चावी, मीटर, हार्नेस सगळं बाजूला पडलं. गाडी लालबागपर्यंत बिनतक्रार गेली तर दोष त्या बाजूला पडलेल्या भागातच आहे. ध्यानात ठेवा, आता चावीने इंजिन बंद होणार नाही, डिकंप्रेशर (सिलिंडरमधला दाब सोडून देणारा लिव्हर) ओढून बंद करा आणि लगेच वायर काढा.

तुम्ही म्हणालात पावसातही एक-दोनदा झालं. तेव्हा हाय टेन्शन वायर (कॉइलपासून प्लगपर्यंतची) आणि प्लग कॅप अंधारात बघा. रात्री, इमारतीच्या आवारात दिवे बंद करून, इंजिन स्लोवर, झाडांवर पाणी मारायच्या बाटलीने वायर, कॅप आणि कॉइलच्या तोंडावर हलका फवारा. निळे धागे रेंगाळताना दिसले की तिथून करंट गळतोय. टाकीखाली घासून वायरीचं आवरण पातळ झालेलं असतं. कॅप आट्यांची असेल तर वायरीचं टोक सेंटिमीटरभर कापून ताज्या तांब्यावर परत घट्ट करा. हिंदमाताला पाणी तुंबलेलं असताना ही परीक्षा आपोआप होते, पण तोपर्यंत थांबू नये.

टॅपेट मी मुद्दाम शेवटी ठेवले. बुलेटचे पुशरॉड गार इंजिनावर तपासायचे: बोटांनी सहज फिरले पाहिजेत, वर-खाली खेळ नको. घट्ट ठेवले तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन पळतं, गाडी स्लोवर बंद पडते आणि गार झाल्यावर परत चालू होते. परीक्षा पायाने होते: झटके देऊन बंद पडलेल्या गरम गाडीच्या किकवर वजन टाकून उभे राहा. गार असताना किक तुम्हाला जशी झेलते तशी झेलत नसेल तर टॅपेट, नाहीतर डिकंप्रेशरची केबल फार ताणलेली असल्याने तिचा व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. किक तितकीच जड असेल तर व्हॉल्व्हचा विषय बंद. हेच वाचणाऱ्या जुन्या येझदी किंवा आरएक्स १००सारख्या टू-स्ट्रोकवाल्यांनी टॅपेटऐवजी क्रँकचे ऑइल सील धरावेत, बाकी करंटची गोष्ट बरीचशी तीच.

क्रम विचाराल तर माझा असा असेल: इंजिन गरम होण्याआधी घरीच कॉइलचे ओहम आणि व्होल्टची गळती मोजणं, अर्थची वायर टाकणं. मग सायनला प्लग, टाकीचं झाकण, पॉइंटमधली ठिणगी, आणि मग बाहेरचा कंडेन्सर. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि महिन्याने तक्रार परत आली की पुन्हा पहिल्यापासून. सलग एका वेगाने चालवून बघायची तर ईस्टर्न फ्रीवे दुचाकीला बंद आहे, तेव्हा रविवारी पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच. तीन हजार आरपीएमला इंजिनात सेकंदाला २५ ठिणग्या पडतात. त्यातल्या एक-दोन हुकल्या तर तिथे सिटावर कळतं, ट्रॅफिकमध्ये नाही.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं म्हणाल, तर चांगलं किट पॉइंट आणि कंडेन्सरची कटकट खरंच संपवतं, टायमिंगही स्थिर राहतं. पण खराब अर्थ, ढिली चावी आणि दोन व्होल्टची गळती ते दुरुस्त करत नाही. उलट अशा किटला बॅटरीचं व्होल्टेज पॉइंटपेक्षा जास्त नाजूकपणे लागतं. पॉइंट कमी व्होल्टेजवर कुरकुरत का होईना चालतात. मॉड्यूल एका मर्यादेखाली सरळ गप्प बसतं, आणि रस्त्यात त्याला घासून-पुसून चालू करता येत नाही. म्हणून आधी वरचं सगळं दुरुस्त करा, गाडी महिनाभर पॉइंटवर नीट चालवा, आणि मग हौस असेल तर बसवा. बसवलंत तर पॉइंटची प्लेट, गॅप लावलेली, आणि एक कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवा.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढं कळवा: झटक्याच्या वेळी काढलेला प्लग ओला होता की कोरडा, कॉइलची प्रायमरी गार आणि गरम किती ओहम, आणि पॉइंट मिटलेले असताना बॅटरी ते कॉइल किती व्होल्ट पडतात.